डॉमिनिक डिसोझा: रक्तदान केलं आणि 64 दिवस कोंडून ठेवलं, त्या माणसाची गोष्ट आजही भोसरी-चाकणमध्ये का कामाची आहे?

गोव्याचा एक रील तुम्ही नक्की पाहिला असणार. दोन्ही बाजूंना उंच नारळ, मधून सरळ गेलेला रस्ता आणि भाड्याच्या स्कूटरवर बसलेली एखादी जोडी. हा रस्ता म्हापशाजवळच्या पर्रा गावातला. बार्देश तालुक्यातलं हे गाव कलिंगडांसाठी ओळखलं जायचं, मनोहर पर्रीकरांमुळे ते देशाला माहीत झालं आणि आता रीलमुळे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

याच गावातल्या एका तरुणाला 14 फेब्रुवारी 1989 या दिवशी पोलीस ठाण्यात बोलावण्यात आलं. व्हॅलेंटाइन डेचं प्रस्थ तेव्हा आपल्याकडे फारसं नव्हतं, त्यामुळे त्या तारखेत कुणाला काही खास वाटलं नसेल. या तरुणाने चोरी केली नव्हती, मारामारी केली नव्हती, कुणाचे पैसे बुडवले नव्हते. त्याने रक्तदान केलं होतं.

त्याचं नाव डॉमिनिक डिसोझा. गोव्यातला एचआयव्हीचा पहिला रुग्ण म्हणून तो ओळखला गेला.

आज पिंपरी-चिंचवडमध्ये किंवा चाकणच्या एमआयडीसीत कुणी एचआयव्हीची टेस्ट करतो तेव्हा आधी त्याची संमती घेतली जाते. रिपोर्ट त्याच्याच हातात पडतो. समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या बाबतीत तर टेस्टपर्यंत घेऊन येणारा माणूस अनेकदा त्यांच्यातलाच असतो. आपल्याला हे सगळं साधं वाटतं. 1989 मध्ये यातलं काहीही नव्हतं. ते कसं आलं हे समजून घ्यायचं तर डॉमिनिक यांच्या आयुष्याकडे बघावं लागतं.

तेव्हा वातावरण काय होतं?

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो 1986 मध्ये, चेन्नईत. तिथल्या मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यातले काही पॉझिटिव्ह निघाले. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांनी पुढचं सगळं आयुष्य याच कामात घालवलं. त्यांच्यावर खरं तर वेगळाच लेख व्हायला हवा.

तोपर्यंत आपल्याकडे एक ठाम समज होता. हा रोग परदेशातला, आपल्या संस्कृतीत असलं काही होत नाही. साध्या माणसांचंच कशाला, 1988 मध्ये आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख अवतारसिंग पेंटल यांनी परदेशी लोकांशी लैंगिक संबंध ठेवायला कायद्यानेच बंदी घालावी असं सुचवलं होतं. देशाच्या वैद्यकीय संशोधनाची सूत्रं ज्यांच्या हातात होती ते असा विचार करत असतील, तर गावच्या नाक्यावर काय बोललं जात असेल याचा अंदाज करा.

गोव्यात पर्यटक जास्त, म्हणून भीतीही जास्त. 1985 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तिथे नंतर एक दुरुस्ती झाली. एचआयव्ही पॉझिटिव्ह आढळलेल्या माणसाला सरकार वेगळं ठेवू शकतं, किती दिवस आणि कुठे हेही सरकारच ठरवणार, असा तिचा अर्थ होता. लक्षात घ्या, माणूस आजारी पडला पाहिजे अशीही अट नव्हती. शरीरात विषाणू असणं पुरेसं होतं. आणि हा विषाणू हवेतून, पाण्यातून, स्पर्शातून, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने पसरत नाही हे डॉक्टरांना तेव्हाही माहीत होतं.

बोलावणं आलं आणि सगळं बदललं

डॉमिनिक तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी, नाटकाची आवड, मित्रमंडळी, घरी आई. रक्तदान ते नेमाने करायचे. त्यांनी दिलेल्या रक्ताची तपासणी झाली आणि त्यात एचआयव्ही आढळला.

पुढे जे झालं ते जरा सावकाश वाचा, कारण सगळा घोळ इथेच आहे.

आज असा रिपोर्ट आला तर रक्तपेढी त्या माणसाला खासगीत बोलावते, समुपदेशक त्याच्याशी बोलतो, पुन्हा तपासणी करायला पाठवतो. डॉमिनिक यांच्या बाबतीत रिपोर्ट त्यांच्याकडे आलाच नाही. तो सरकारी यंत्रणेकडे गेला, तिथून पोलिसांकडे. आपल्याला काय झालंय हे त्यांना कुणी धड सांगण्याआधी पोलिसांना ते माहीत होतं. ठाण्यातून त्यांना म्हापशाच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, तिथून टीबीच्या रुग्णांसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एका सॅनिटोरियममध्ये. एक खोली, बाहेर बंदूकधारी पोलिसांचा पहारा. आपण किती दिवस इथे आहोत हे सांगणारं कुणी नाही, कारण कायद्यात मुदत लिहिलेलीच नव्हती.

असे 64 दिवस गेले.

बातमी फुटायला अर्थातच वेळ लागला नाही. छोटं राज्य, त्याहून छोटं गाव. ज्या माणसाने स्वतःहून रक्त दिलं त्याचं नाव, गाव, घर सगळ्यांना कळलं. त्यांना संसर्ग कसा झाला, त्यांचे कुणाशी संबंध होते, याच्या चर्चा तेव्हाही झाल्या आणि आजही इंटरनेटवर सापडतात. या लेखात त्या नाहीत. एचआयव्ही असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा कुणालाच अधिकार नाही.

आई कोर्टात गेली

गोव्यात सगळेच गप्प बसले नाहीत. डॉमिनिक यांच्या मैत्रीण आणि पणजीच्या धेंपे कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापक इझाबेल सांता रिटा वाझ त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. मस्टर्ड सीड आर्ट कंपनी ही नाटकमंडळी त्यांनीच सुरू केलेली. नाटकातले मित्र, विद्यार्थी रस्त्यावर आले. एचआयव्ही झालेल्या माणसाच्या बाजूने उघडपणे उभं राहणं ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती. शेजारी बोलणं टाकतील याची भीती होती.

आणि कोर्टात गेल्या त्यांच्या आई, लुसी डिसोझा. मुंबई हायकोर्टाच्या पणजी खंडपीठात त्यांनी कायद्यातल्या त्या कलमालाच आव्हान दिलं. वकील होते लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोव्हर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

युक्तिवाद साधा होता. जो रोग सोबत राहिल्याने पसरत नाही त्यासाठी माणसाला कोंडून ठेवण्यात काय अर्थ? उलट पॉझिटिव्ह निघालो तर पोलीस उचलून नेतात हे कळल्यावर टेस्ट करायला कोण येईल? लोक लपतील, आणि लपलेल्या संसर्गाला थांबवणं जास्त कठीण.

डॉमिनिक 64 दिवसांनी घरी परतले. पण मूळ खटल्याचा निकाल आला तेव्हा कोर्टाने ते कलम वैधच ठरवलं. एका माणसाचं स्वातंत्र्य आणि समाजाचं आरोग्य यांत टक्कर झाली तर समाजाचं पारडं जड, आणि वेगळं ठेवण्याची गरज आहे का हे ठरवणं आरोग्य खात्याचं काम, असा त्याचा सारांश. म्हणजे माणूस सुटला आणि खटला हरला. चळवळीच्या दबावाने गोव्याच्या कायद्यातली सक्ती मात्र सैल झाली. वेगळं ठेवायलाच हवं, याऐवजी ठेवता येईल, एवढा फरक पडला. आपल्याला तो शब्दांचा खेळ वाटेल, पण पुढच्या पेशंटच्या घरी पोलीस जाणार की नाही हे त्यावर ठरणार होतं.

त्याच 1989 मध्ये संसदेतही एड्स प्रतिबंधासाठी एक विधेयक आलं होतं. त्याचा रोखही रुग्ण शोधून काढा, कळवा, नियंत्रणात ठेवा असाच होता. देशभर विरोध झाला आणि पुढे ते मागे घेतलं गेलं. गोव्यात काय झालं हे तोवर सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

सुटल्यानंतरचं आयुष्य

चित्रपटात इथे पडदा पडतो. 2005 मध्ये आलेला, ओनिर यांनी दिग्दर्शित केलेला माय ब्रदर निखिल हा सिनेमा डॉमिनिक यांच्या आयुष्यावरून सुचलेला आहे. संजय सुरीने त्यात जलतरणपटू निखिलची भूमिका केली, जुही चावला त्याची बहीण. सिनेमातला निखिल समलिंगी आहे, त्याचा जोडीदार शेवटपर्यंत त्याच्या सोबत राहतो. कुणाला उपदेश न करणारा सिनेमा आहे, मिळाला तर बघा.

खऱ्या आयुष्यात सुटल्यावर डॉमिनिक यांची नोकरी गेली. चेहरा सगळ्यांना माहीत झालेला, आजार सगळ्यांना माहीत झालेला. औषध म्हणावं असं काही हाताशी नव्हतं. आज ज्या गोळ्यांमुळे एचआयव्ही असलेला माणूस सर्वसाधारण आयुष्य जगतो, ती एकत्र घ्यायची औषधं जगात आली 1996 च्या सुमारास आणि भारत सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली 1 एप्रिल 2004 पासून. डॉमिनिक यांच्यापुढे फक्त थोडी वर्षं होती आणि ते त्यांनाही कळत होतं.

अशा वेळी माणूस गाव सोडून जातो, नाव बदलतो, निदान गप्प तरी राहतो. डॉमिनिक यांनी उलटं केलं. आपल्याला एचआयव्ही आहे हे ते स्वतःच्या तोंडाने बोलू लागले. सरकारने त्यांचं गुपित फोडलं होतं, त्याच गुपिताचा त्यांनी कामासाठी वापर केला. इझाबेल यांच्यासोबत 1992 मध्ये त्यांनी पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली. एचआयव्ही असलेल्यांना धीर द्यायचा, माहिती द्यायची, घरच्यांशी बोलायचं, आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांना तो कसा टाळायचा ते सांगायचं. गोव्यातलं हे असं पहिल्या काही कामांपैकी एक.

मे 1992 मध्ये डॉमिनिक गेले. संस्था सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. संस्थेचं काम पुढे चालू राहिलं.

यात खास काय होतं?

एचआयव्हीबद्दल डॉक्टर बोलत होते, सरकार बोलत होतं, टीव्हीवर भीतीदायक जाहिराती यायच्या. पण ज्याला एचआयव्ही आहे तोच समोर बसून दुसऱ्याला सांगतोय की बाबा, मी यातून गेलोय, घाबरू नकोस, हे नवीन होतं. पॉझिटिव्ह माणूस म्हणजे ज्याच्यापासून समाजाला वाचवायचं असा कुणी, ही समजूत त्याने उलटी केली. या कामात तोच सगळ्यात उपयोगी माणूस ठरतो.

आज याला पीअर म्हणतात. पीअर म्हणजे आपल्यातला, बरोबरीचा. हा विचार एकट्या डॉमिनिक यांचा नव्हता, त्याच काळात ठिकठिकाणी तो उगवत होता. सांगलीत संग्राम संस्थेच्या कामातून देहविक्रय करणाऱ्या महिला स्वतःच एकमेकींना कंडोम पोहोचवू लागल्या. मुंबईत अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू झाला आणि समलिंगी पुरुषांमध्ये त्यांच्यातल्याच लोकांनी काम सुरू केलं. पुण्यात 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला.

पण समलिंगी पुरुषांमध्ये काम करताना एक अडचण जास्तीची होती. डॉमिनिक यांना पकडायला निदान नवा कायदा करावा लागला होता. इथे 1860 पासून कलम 377 तयारच होतं. दोन पुरुषांमधला संबंधच गुन्हा. मग त्यांना कंडोम वाटणारा कार्यकर्ता कोण? गुन्ह्याला मदत करणारा? हा प्रश्न काल्पनिक नाही. जुलै 2001 मध्ये लखनऊत एचआयव्हीचं काम करणाऱ्या दोन संस्थांच्या कार्यकर्त्यांना याच कलमाखाली अटक झाली आणि ते दीड महिन्याहून जास्त काळ तुरुंगात होते. त्यांच्याकडचं माहितीचं साहित्य पुरावा म्हणून जप्त झालं.

त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टात 377 विरुद्ध याचिका दाखल झाली. ती करणारी नाझ फाउंडेशन ही एचआयव्हीवरच काम करणारी संस्था. हे कलम असेल तर आम्ही लोकांपर्यंत पोहोचूच शकत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? लॉयर्स कलेक्टिव्हच्या आनंद ग्रोव्हर यांनी. पणजीत हरलेला युक्तिवादच दिल्लीत नव्याने उभा राहिला होता. लोकांना भीती दाखवाल तर ते टेस्टला येणार नाहीत.

आता भोसरीत या

डॉमिनिक गेले त्याच वर्षी, ऑक्टोबर 1992 मध्ये, भारताची एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. कुठे, तर भोसरीच्या एमआयडीसीत. नारी या नावाने ती ओळखली जायची, आता तिचं नाव बदलून ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी आणि एड्स संशोधन संस्था झालंय. आपल्यातले कितीतरी जण तिच्या गेटवरून कंपनीच्या बसने रोज जात असतील.

पुण्यातल्या गुप्तरोगांच्या क्लिनिकमध्ये या संस्थेने 90 च्या दशकात केलेला एक अभ्यास जगभर गाजला. नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध नसलेल्या विवाहित बायकांनाही एचआयव्ही होतोय, हे त्यातून समोर आलं. 1997 मध्ये तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. त्या अभ्यासातले डॉ. रमण गंगाखेडकर म्हणजे कोविडच्या काळात रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसणारे तेच.

हा अभ्यास इथे सांगायचं कारण आहे. आपल्याकडे पुरुषांशी संबंध ठेवणारे अनेक पुरुष विवाहित असतात. घरच्यांनी लग्न लावून दिलेलं, बायको गावाकडे, हा चाकणला रूमवर. तो टेस्ट करत नाही तेव्हा धोका त्याच्या एकट्याला नसतो.

आकडे बघा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पाहणीनुसार देशातल्या सर्वसाधारण प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण 0.2 टक्के आहे. पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये आणि तृतीयपंथीयांमध्ये ते 3 टक्क्यांच्या पुढे जातं. हे कुणाच्या चारित्र्यामुळे होत नाही. गुदमैथुनात कंडोम नसेल तर विषाणू सहज शिरतो, हे एक शारीरिक कारण. दुसरं कारण सामाजिक आहे. लपून, घाईत, अंधारात भेटायचं असेल तर कंडोमचा विचार मागे पडतो आणि आजार झाला तरी डॉक्टरला खरं सांगता येत नाही.

आता आपला औद्योगिक पट्टा डोळ्यांसमोर आणा. पिंपरी, भोसरी, मोशी, चाकण, तळेगाव. देशभरातून आलेली विशी-पंचविशीतली पोरं, एका खोलीत पाच-सहा जण, तीन शिफ्ट. एक कामावरून येतो तेव्हा दुसरा त्याच गादीवरून उठतो. रूम पार्टनर गावचाच, म्हणजे इथली कुठलीही गोष्ट दोन दिवसांत गावी पोहोचणार. अशा मुलाने सरकारी दवाखान्याच्या लाइनीत उभं राहून एचआयव्हीची टेस्ट मागायची? तो नाही मागत. कंपनीतला कुणी ओळखीचा भेटला तर काय, हीच त्याची पहिली भीती. डॉमिनिक यांना पोलीस न्यायला आले होते, याला न्यायला कुणी येणार नाही. तरी भीतीची जात तीच आहे. माझं नाव फुटेल.

पीअर इथे कामाला येतो. समलिंगी, तृतीयपंथी, देहविक्रय करणाऱ्या महिला, ट्रक ड्रायव्हर, स्थलांतरित कामगार, अशा गटांसाठी राज्य एड्स नियंत्रण सोसायटीमार्फत जे प्रकल्प चालतात त्यांना बोलताना टीआय म्हणतात. त्यात साधारण 60 लोकांमागे एक पीअर एज्युकेटर असा हिशेब असतो. हा माणूस पदवी बघून निवडत नाहीत. तो त्या समाजातला आहे का, लोक त्याच्याशी बोलतात का, हे बघतात. कुठल्या बसस्टॉपमागे, कुठल्या बागेत, कुठल्या ॲपवर लोक भेटतात हे त्याला विचारावं लागत नाही. कोथी म्हणजे कोण हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. तो कंडोम आणि ल्युब्रिकंट देतो, गुप्तरोगाच्या तपासणीला नेतो आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्हीची टेस्ट करून घ्यायची आठवण करतो.

टेस्ट दवाखान्यातच व्हायला हवी असंही आता राहिलेलं नाही. संस्थेच्या ऑफिसात किंवा वस्तीजवळ, बोटाला सुई टोचून एक-दोन थेंब रक्त घेऊन प्राथमिक तपासणी होते. काही मिनिटांत कळतं. त्यात काही दिसलं तर तो शेवटचा निकाल नसतो. मग आयसीटीसी केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर तपासून खात्री केली जाते. संसर्ग अगदी ताजा असेल तर टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा करायला सांगतात. पॉझिटिव्ह आली तर उपचार मोफत आहेत, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयातही एआरटी केंद्र आहे. 2017 पासून पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला लगेच औषध सुरू करायचं धोरण आहे, आधीसारखी शरीरातली पांढऱ्या पेशींची संख्या खाली यायची वाट बघत नाहीत.

यात पीअरचं सगळ्यात मोठं काम कुठलं, असं विचाराल तर माझ्या मते टेस्टनंतरचे दोन-तीन दिवस. रिपोर्ट हातात आल्यावर माणूस गायब होतो, फोन बंद करतो, थेट गावची गाडी पकडतो. त्या वेळी समुपदेशकापेक्षा जास्त उपयोग होतो तो स्वतः गेली काही वर्षं त्याच गोळ्या घेणाऱ्या माणसाचा. गोळी नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हे आता विज्ञानाने पक्कं सिद्ध केलंय. ही माहिती पोस्टरवर वाचणं वेगळं आणि तसं जगणारा माणूस शेजारी बसून सांगतोय हे वेगळं. 1992 मध्ये डॉमिनिक हेच करत होते, फक्त त्यांच्याजवळ गोळ्या नव्हत्या.

तृतीयपंथीयांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांची ओळख लपलेली नसते, पण दवाखान्यात कुठल्या लाइनीत उभं राहायचं इथपासून त्यांची अडचण सुरू होते. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने नालसा निकालात त्यांची ओळख मान्य केली. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. याचा एचआयव्हीशी काय संबंध, असं वाटेल. महिन्याचा पगार असलेल्या माणसाला कंडोम नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं. एवढा सरळ संबंध आहे.

आणि तो कायदा

2018 च्या सप्टेंबरमध्ये एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. 6 तारखेला सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना 377 च्या कचाट्यातून बाहेर काढलं. त्याची सर्वत्र चर्चा झाली, प्रोफाइल फोटो इंद्रधनुषी झाले. 10 तारखेला एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा लागू झाला. त्याची बातमी बहुतेकांच्या नजरेतून सुटली. संसदेने तो 2017 मध्ये मंजूर केला होता आणि त्याचा मूळ मसुदा तयार करण्यात पुन्हा लॉयर्स कलेक्टिव्हचाच हात होता.

या कायद्यात काय आहे? माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची टेस्ट करता येत नाही. टेस्टआधी आणि नंतर समुपदेशन हवं. माणसाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय त्याचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. यात बॉस आला, एचआर आला, घरमालक आला. नोकरी देण्याची अट म्हणून एचआयव्हीची टेस्ट मागता येत नाही आणि पॉझिटिव्ह आहे एवढ्या कारणावरून कामावरून काढताही येत नाही.

चाकणमध्ये कंत्राटी कामगाराला जॉइन होताना मेडिकल करावं लागतं, बाटलीभर रक्त काढतात आणि कागदावर सही घेतात. त्यात कुठल्या टेस्ट आहेत हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. 100 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत या कायद्याखाली एक तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा, दवाखान्यांसाठी तर ही मर्यादा 20 ची आहे. आपल्या पट्ट्यातल्या किती कंपन्यांच्या नोटीस बोर्डवर त्याचं नाव लावलंय, एकदा बघून या.

सुई, फाटलेला कंडोम, जबरदस्ती, अशा कुठल्याही प्रसंगानंतर संसर्ग टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. शंका असेल तर 1097 हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, तो मोफत आहे.

आणि या कायद्याचं तिसरं कलम. भेदभाव म्हणजे काय काय, याची त्यात एक लांबलचक यादी दिली आहे. नोकरी नाकारणं, उपचार नाकारणं, घर नाकारणं. त्याच यादीत एक ओळ आहे, एचआयव्ही असलेल्या माणसाला वेगळं काढणं किंवा कोंडून ठेवणं हाही भेदभाव आणि त्याला मनाई. लुसी डिसोझा पणजीच्या कोर्टात जे मागत होत्या ते हेच होतं. डॉमिनिक यांना जाऊन तेव्हा 26 वर्षं झाली होती.